ऑपरेशन तासा-दीड तासाचं, मग वर्ष कशाला?

पुण्याच्या एका फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "अमेरिकेत बेसबॉलच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, कोपराचं ऑपरेशन झालं की त्याला संघाच्या फ्लोरिडातल्या किंवा ॲरिझोनातल्या केंद्रावर पाठवतात आणि मग तो वर्षभर कुणाला दिसत नाही. ऑपरेशन तर तासा-दीड तासात उरकतं. मग तिथे वर्षभर करतात काय? आणि ती यंत्रं, पाण्याच्या टाक्या, कॅमेरे खरंच लागतात की नुसता थाट असतो?"

एका ओळीत सांगायचं तर तिथे खेळाडूला थांबवतात. वर्षभर, रोज, नवनवीन युक्त्या काढून. बाकीचं सगळं त्या थांबवण्याच्या कामाला जुंपलेलं असतं. हे मलाही पहिल्या मोसमात कळलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी फिजिओ आहे. शिक्षण आधी मुंबईत, मग अमेरिकेत, आणि त्यानंतर सहा मोसम फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका व्यावसायिक संघाच्या केंद्रात रिहॅबच्या, म्हणजे दुखापतीतून सावरण्याच्या, खोलीत काढले. संघाचं नाव सांगत नाही, खेळाडूंची तर नाहीच. पुढे जी नावं येतील ती जगजाहीर गोष्टींपुरती.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, ३० संघ आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यातले १५ फ्लोरिडात आणि १५ ॲरिझोनात मुक्काम टाकतात, सराव करतात, आपापसात सामने खेळतात. प्रेक्षक सुट्ट्या काढून येतात, उन्हात बसून हॉट डॉग खातात. मार्च संपला की मुख्य संघ आपापल्या शहरी निघून जातो आणि लोकांना वाटतं केंद्राला कुलूप लागलं. वऱ्हाड गेलं म्हणून लग्नघरातली कामं संपतात का? तसंच हे. खरी वर्दळ एप्रिलपासून. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाहून आलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं, नुकतीच निवड झालेले कॉलेजचे खेळाडू आणि जखमी. मोठ्या संघातला कोट्यधीश असो की काल सही केलेला पोरगा, मोडला की इथेच येतो.

पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचं असं केंद्र ब्रॅडेन्टन गावात आहे, नाव पायरेट सिटी. १९६९ सालापासून ते तिथे आहेत. पाहायला जाल तर निराश व्हाल. प्रेक्षकांसाठीचं स्टेडियम गावात वेगळं आहे. इथे एकाला एक लागून मैदानं, तारेची कुंपणं, पिंजऱ्यासारख्या जाळ्यांत फलंदाजीचा सराव, एका बाजूला ओळीने पिचर ज्यावरून चेंडू टाकतात ते मातीचे उंचवटे आणि राहण्या-जेवण्याची सोय. मुख्य संघ पिट्सबर्गमध्ये हजारो लोकांपुढे खेळत असतो तेव्हा इथल्या नवख्यांचे सामने भर उन्हात, जवळजवळ रिकाम्या बाकांसमोर चालतात. बघायला चार-दोन हेरगिरी करणारे स्काउट, एखाद्याची मैत्रीण आणि हाताला पट्टा बांधलेले आमचे पेशंट.

सगळं एकाच कुंपणात ठेवायची ही पद्धत जुनी आहे. ब्रुकलिन डॉजर्सनी १९४८ मध्ये व्हेरो बीच इथे नौदलाच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर डॉजरटाउन उभं केलं. फ्लोरिडात तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते, गावातल्या हॉटेलात काळ्या खेळाडूंना खोली मिळत नसे. जागाच संघाच्या ताब्यात असल्यामुळे जॅकी रॉबिन्सन आणि त्याचे गोरे सहकारी तिथे एकत्र राहू, जेवू शकत. आज कारण वेगळं आहे, पण ताबा महत्त्वाचाच आहे. जखमी माणूस काय खातो, कधी झोपतो, आणि मुख्य म्हणजे कुणी बघत नसताना चेंडूला हात लावतो का, हे कळायचं तर तो नजरेच्या टप्प्यात हवा.

आता कोपर. तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून जरा बारकाईने. कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं अल्ना हाड यांना जोडणारं एक लिगामेंट असतं. पिचर हात मागे नेऊन पुढे झटकतो त्या क्षणी पुढचा हात मागे राहतो आणि कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं. खांदा तेव्हा सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगाने आत फिरत असतो. कोपरावर पीळ येतो तो ६० न्यूटन-मीटरच्या पुढचा. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हे लिगामेंट एकटं साधारण त्याच्या निम्म्या भारालाच तुटतं. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर पूर्ण जोराची प्रत्येक फेक लिगामेंट तोडणारीच आहे. तुटत नाही, कारण उरलेला भार पुढच्या हाताचे स्नायू उचलून धरतात. स्नायू थकले की भार लिगामेंटवर. हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसवला तर पुढचं सगळं वर्ष आपोआप उलगडतं.

आपल्याकडे हा प्रकार फारसा का दिसत नाही? गोलंदाजाला कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करायची परवानगीच नाही. त्यामुळे आपल्या वेगवान गोलंदाजाचं दुखणं कमरेच्या मणक्यात जातं, हाडाला तडा जातो. कोपराशी खरं नातं भालाफेकवाल्यांचं. नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन मे २०१९ मध्ये मुंबईतच झालं होतं. तो प्रकार वेगळा होता, सांध्यात हाडाचे तुकडे झाले होते, लिगामेंट बदललं नव्हतं. तरीही तो स्पर्धेत उतरला तो २०२० च्या जानेवारीत. तेव्हाही आपल्याकडे लोक विचारत होतेच, इतका वेळ का म्हणून.

लिगामेंट बदलण्याच्या ऑपरेशनला सगळे टॉमी जॉन म्हणतात. हा डॉजर्सचा डावखुरा पिचर. जुलै १९७४ मध्ये त्याचं लिगामेंट गेलं. तोवर असा पिचर म्हणजे संपलेला पिचर. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या उजव्या मनगटाची एक कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवली. परतण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. १९७५ चा पूर्ण मोसम गेला, १९७६ मध्ये तो परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकून (बेसबॉलमध्ये विजय पिचरच्या नावावर लागतो) १९८९ पर्यंत खेळला. तुमच्याकडेही ती कंडरा आहे का बघा: अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा, मध्यभागी दोरीसारखं काही वर आलं तर तीच. बऱ्याच माणसांना ती नसते आणि त्यांचं काही अडतही नाही. मग मांडीच्या मागून कंडरा घेतात.

सर्जन हाडात भोकं पाडून ती कंडरा त्यातून ओवतो आणि ताणून बसवतो. त्याचं काम संपलं. पण कंडरा म्हणजे लिगामेंट नव्हे. ती नव्या जागी रुजायला लागते तेव्हा सुरुवातीला उलट कमकुवत होते. रक्तवाहिन्या आत शिरतात, जुन्या पेशी मरतात, नव्या येतात, तंतू भाराच्या दिशेने पुन्हा विणले जातात. याला महिनेच्या महिने लागतात आणि हा काळ कमी करायचा उपाय अजून तरी कुणाला सापडलेला नाही. पैसा ओतून नाही, यंत्र आणून नाही. गावाकडे म्हणतात ना, पेरल्यावर रोज उकरून बघू नये, तसं.

खरी अडचण इथून सुरू होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात पेशंटला कोपर उत्तम वाटायला लागतं. दुखत नाही, सूज नाही, हात पूर्ण सरळ होतो, वजनं तो पहिल्याहून जास्त उचलतो. खेळाडूच्या मते तो बरा झालेला असतो. कंडरेच्या मते अर्धा रस्ताही झालेला नसतो. आणि कंडरेला बोलता येत नाही, आम्हाला तिच्या वतीने बोलावं लागतं.

महिन्यांचा हिशेब साधारण असा. पहिला आठवडा हात काटकोनात बांधलेला. मग बिजागरीचा ब्रेस, त्यात थोडं थोडं उघडत सहाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण हालचाल. या काळात मऊ चेंडू मुठीत दाबणं, खांद्याच्या पात्याचे व्यायाम, आणि पाय. पायांना आम्ही सोडत नाही. चेंडूचा वेग जमिनीतून वर येतो. सहा आठवडे बसून राहिलेले पाय घेऊन पिचर परत फेकायला लागला तर तो कमतरता हाताने भरून काढतो. पाण्याखालच्या ट्रेडमिलचा उपयोग या टप्प्यात होतो: टाके भरले की पाण्यात पळवा, सांध्याला दणका बसत नाही. मग दोन-तीन महिन्यांपासून रबरी पट्टे, हलकी वजनं, पिचरसाठी ठरलेली दहा व्यायामांची एक सुप्रसिद्ध मालिका, तांदळाने भरलेल्या बादलीत मूठ उघडणं-मिटणं. हो, तांदूळच. कोट्यवधी डॉलरच्या इमारतीत मला सर्वांत जास्त आवडलेलं उपकरण ते. एकदा आमच्या बादलीत कुणीतरी महागडा बासमती ओतला होता. मी फ्लोरिडात मोठ्या मुश्किलीने मिळवायचो तो ब्रँड. मन तुटलं.

साधारण साडेचार-पाच महिन्यांनी पहिली फेक. हा दिवस बघण्यासारखा असतो. पेशंट नवे बूट घालून येतो, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतं, ते लगेच घरी आईला जातं. अंतर ४५ फूट. पंचवीस फेका, मग विश्रांती, मग आणखी पंचवीस. बस्स. पहिला चेंडू बहुतेक वेळा जमिनीत जातो नाहीतर समोरच्याच्या डोक्यावरून. ज्याने हजारो माणसांसमोर ताशी ९५ मैलांनी चेंडू टाकलेला असतो, त्याचा चेहरा तेव्हा पाहवत नाही. आम्ही तिकडे न बघता हातातल्या यंत्रावर आकडा वाढवत राहतो.

४५ फुटांनंतर ६०, मग ९०, १२०, १५०, १८०. प्रत्येक अंतरावर आधी दोन फेऱ्या, त्या जमल्या की तीन. मध्ये रिकामा दिवस ठेवायचाच. दुखण्याचेही नियम असतात आणि ते भिंतीवर लावलेले असतात. गरम होताना दुखलं आणि पंधरा फेकांत थांबलं, तर तीच पायरी परत करायची. थांबलं नाही तर दोन दिवस सुट्टी आणि एक पायरी खाली. आपल्या घाटातल्या रस्त्यावर 'अति घाई संकटात नेई' ही पाटी असते ना, मला ती स्पॅनिशमध्ये करून तिथे लावायची फार इच्छा होती.

आता एक गोष्ट जी पुस्तकात वाचली तरी मैदानावर पाहिल्याशिवाय पटत नाही. पिचरला "निम्म्या जोराने टाक" असं सांगा. तो प्रामाणिकपणे निम्म्या जोराने टाकतो. रडारवर बघा, वेग त्याच्या कमाल वेगाच्या ८०-८५ टक्के. लबाडी नसते त्यात. जोर किती लावतोय हे माणसाला आतून नीट कळतच नाही, आणि चेंडू फेकायची कला अंगात इतकी मुरलेली असते की थोडक्या प्रयत्नातही वेग निघतो. आता ही चूक ४५ फुटांवर फारशी महाग पडत नाही, पण नवव्या महिन्यात उंचवट्यावर चढल्यावर पडते. म्हणून रडार गन. प्रेक्षकांना वाटतं रडार वेग वाढवायला असतं. रिहॅबमध्ये ते वेग अडवायला असतं. मी पिचरला म्हणायचो, आज ७२ च्या वर गेलास तर चेंडू काढून घेईन. दोनदा घेतलाही आहे.

तुमच्या यंत्रांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. दंडात घालायच्या बाहीत बसणारा सेन्सर कोपरावरच्या पिळाचा अंदाज देतो. वेगवान कॅमेरे सांगतात की पुढचा पाय टेकण्याआधीच छाती समोर फिरतेय का. जमिनीतल्या पट्ट्या सांगतात मागच्या पायाने किती ढकललं. सगळं उपयोगी आहे. पण त्यातून निघणारा निर्णय दहापैकी नऊ वेळा एकच असतो: आज पुढे जायचं नाही. आणि आकड्याची किंमत ही की खेळाडू आकड्याशी भांडत नाही. माझ्याशी तासभर भांडेल. पडद्यावरची लाल रेघ पाहून गुपचूप बर्फ लावायला जातो.

माझी एक चूक सांगतो. दुसऱ्या मोसमात एक पिचर सातव्या महिन्यात होता. शिस्तीचा, कामसू, रोज सगळ्यात आधी हजर. १२० फुटांवर त्याचं सुंदर चाललं होतं. त्याने विचारलं, उद्या १५० करू का, सुट्टीचा दिवस नको. मी हो म्हटलं. माणूस भला आहे म्हणून हो म्हटलं, हाताकडे पाहून नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या हाताच्या आतल्या बाजूच्या स्नायूत कळ आली. सुदैवाने कंडरा शाबूत होती, पण साडेचार आठवडे गेले आणि आम्ही परत ४५ फुटांवर आलो. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

लपून फेकणारेही असतात. डॉमिनिकन रिपब्लिकमधला एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, तिसऱ्या महिन्यात. सकाळी कोपर किंचित गरम लागलं. काय केलंस? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी वसतिगृहाच्या सफाई कामगार बाईंनी सांगितलं, रात्री याच्या खोलीतून धप धप आवाज येतो. पोरगा पायमोज्यांचा गोळा करून गादीवर फेकत होता. पायमोजे हलके, म्हणून चालेल असं त्याला वाटलं. उलट आहे: हलकी वस्तू फेकताना हात जास्त वेगाने फिरतो. मी रागावलो आणि मग त्याने जे सांगितलं त्यावर मला बोलता आलं नाही. गावाकडे त्याच्या पैशावर सात माणसं होती, आणि त्याच्याच वयाचे दोन नवे पिचर त्या आठवड्यात केंद्रावर आले होते.

पैशाचं हे बोलावंच लागेल, कारण रिहॅबच्या खोलीत ते सतत हजर असतं. मोठ्या संघातला खेळाडू जखमी झाला की जखमींच्या यादीत जातो. पिचरसाठी ती किमान १५ दिवसांची, लांबच्या दुखापतीला ६० दिवसांची. तिथे असताना त्याचा पूर्ण पगार चालू राहतो आणि नोकरीचा काळही मोजला जातो. त्या पगाराची किमान पातळी २०२५ मध्ये वर्षाला ७,६०,००० डॉलर. त्याच्या शेजारच्या टेबलावर केंद्राच्या लीगमधला, म्हणजे नवख्यांच्या सामन्यांतला, पोरगा, त्याला २०२३ च्या करारानंतर वर्षाला १९,८०० डॉलर. त्या आधी ४,८०० होते, हे लक्षात घेतलं तर ही प्रगतीच. दोघांना एकच ऑपरेशन, एकच तांदळाची बादली, एकच ४५ फूट. पण एकाला वाट बघण्याचे पैसे मिळतात आणि दुसऱ्याची वाट बघायला संघ किती काळ तयार असेल हे त्यालाच ठाऊक नसतं. घाई दुसऱ्याला जास्त असते, मग त्याला थांबवणंही दुप्पट कठीण. मी स्पॅनिश शिकलो ते याच कारणाने. 'कोमो एस्ता एल ब्रासो', हात कसा आहे, एवढं सगळे शिकतात. त्याला उत्तर नेहमी 'ब्येन' येतं, म्हणजे छान. घरी कसं आहे, हे विचारता आलं की मग खरं कळतं.

आपल्या ओळखीचं एक उदाहरणही याच जगातलं आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. २००८ साली भारतात झालेल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून निवडले गेले. रिंकूने डाव्या हाताने ताशी ८७ मैल गाठले होते. त्याच वर्षी पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं आणि ब्रॅडेन्टनला आणलं. ४ जुलै २००९ रोजी ते केंद्रांच्या लीगमध्ये पहिला सामना खेळले, आणि त्याच महिन्यात रिंकूच्या नावावर विजय लागला; अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय नागरिक. कथा साधारण इथेच संपवतात. पुढचं कुणी फारसं सांगत नाही. दिनेश २०१० मध्ये मोकळा झाला. रिंकू टिकला, पायऱ्या चढत गेला, आणि मग दुखापतींनी त्याचे मोसमच्या मोसम खाल्ले. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीच्या रिंगणात गेला. भालाफेकीतून आलेला हात जोर घेऊन येतो, पण दर पाचव्या-सहाव्या दिवशी नव्वद-शंभर वेळा तो जोर लावायची सवय लहानपणापासून झालेली नसते. मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे यापलीकडे बोलणं उचित नाही.

नववा महिना लागला की पिचर माउंडवर, म्हणजे त्या मातीच्या उंचवट्यावर, चढतो. माउंडची उंची १० इंच. १९६९ पर्यंत ती १५ इंच होती. आदल्या वर्षी पिचरांनी फलंदाजांना इतकं छळलं की लीगने माती खरवडून काढली. १० इंच म्हणजे वीतभर, पण उतारावरून पाय खाली टाकताना हाताला येणारा झटका निराळाच. म्हणून पुन्हा सुरुवातीपासून: पंधरा फेका, फक्त सरळ चेंडू, नव्या लाल रेघेच्या आत. वळणारे चेंडू शेवटी. मग समोर फलंदाज उभा करायचा, आधी न मारणारा, नंतर मारणारा. या टप्प्यात कोपरापेक्षा डोकं जास्त सांभाळावं लागतं. आधीच्या दहा महिन्यांत पिचर स्वतःचा हात ऐकायला शिकलेला असतो. आता तो ऐकणं बंद करून फलंदाजाकडे बघायला शिकवायचं. काहींना ते जमतच नाही. प्रत्येक चेंडूनंतर कोपर चाचपतात.

शोहेई ओहतानीचं उदाहरण याच गोष्टीसाठी मी विद्यार्थ्यांना देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या कोपराचं दुसरं ऑपरेशन झालं. २०२४ मध्ये तो डॉजर्सकडून फलंदाज म्हणून खेळला, ५४ होमरन मारले (आपल्या षटकारासारखे), चपळाईने धावत ५९ बेस चोरले. म्हणजे शरीर ठणठणीत होतं. माउंडवर तो सामन्यात चढला जून २०२५ मध्ये. जवळपास एकवीस महिन्यांनी! जगातल्या सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी एक, हवी ती यंत्रं हाताशी, आणि तरीही वाटच पाहिली. माझ्या मते डॉजर्सच्या लोकांनी केलेलं सर्वांत मोठं काम हेच.

पूर्ण परतायला हल्ली १२ ते १८ महिने धरतात. दहापैकी साधारण आठ पिचर कुठल्या ना कुठल्या पातळीवर पुन्हा खेळतात. पहिल्या जागी पोहोचणारे त्याहून कमी. तेरावा महिना सर्वांत वाईट जातो, असा माझा अनुभव. वर्ष झालं, घरचे विचारतात, बातमीदार विचारतात, आणि आम्ही म्हणतो अजून थोडं. दुष्काळातला तेरावा महिना म्हणजे काय, हे मला मराठी शाळेत नाही, फ्लोरिडात कळलं.

शेवटी मोठ्या संघातल्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये सामने खेळायला पाठवतात. पिचरला त्यासाठी ३० दिवस मिळतात, बाकीच्यांना २०. इथे एक जुनी रीत आहे: मोठ्या लीगमधून आलेला पाहुणा सामन्यानंतर त्या पोरांना जेवू घालतो. रोजच्या सँडविचऐवजी त्या रात्री स्टेक येतो. कुणी कंजूषपणा केला तर ती गोष्ट लीगभर होते. माझा तो शिस्तीचा पिचर गेला तेव्हा त्याने मला फोटो पाठवला, टेबलभर मांस आणि पोरांचे चेहरे. खाली एवढंच लिहिलं होतं: ८१ फेका, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही. दुसरा दिवस उजाडेपर्यंत थांबून मग त्याने मला कळवलं होतं.

तेव्हा यंत्रं लागतात का? तुम्ही पुण्यात फेकणाऱ्या खेळाडूंसाठी काही सुरू करणार असाल तर विकत घ्यायचा क्रम माझ्या मते असा ठेवा. गोनिओमीटर, सांध्याचा कोन मोजायचं साधन, तुमच्याकडे असेलच. दोन्ही खांद्यांचं फिरणं दर आठवड्याला मोजून लिहा, फेकणाऱ्या हाताचं आत फिरणं झपाट्याने कमी होत असेल तर कोपर पुढच्या रांगेत उभं आहे असं समजा. लांब मोजपट्टी. पकडीचा जोर मोजणारं यंत्र. दहा किलो तांदूळ, स्वस्तातला. मग हातात धरायची साधी रडार गन. पाण्याची टाकी आणि कॅमेरे त्यानंतर, पैसे उरले तर.

४५ फूट म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दोन-तृतीयांशाहून जरा जास्त. स्टंपपासून मोजा, चुन्याची रेघ मारा. फेका मोजायला माणूस वेगळा ठेवा. मुलाच्या वडिलांना ते काम देऊ नका, ते विसाव्याला पंधरा म्हणतात.